नववीच्या वर्गातला धूर

नईमचा फोन आला तेव्हा शालन पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीत तार भरत होती. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिचा नवरा आनंदा फोन तिच्या कानाला लावून उभा राहिला.

"आक्का, तुमच्या कामाचं एक डबडं आलंय बघा," नईम भंगारवाला पलीकडून ओरडत होता. "जुना कंप्युटर हाय. कळंब्याकडं एका शाळंची इमारत पाडली, तिथला सगळा माल मीच उचललाय. फोडायला देऊ का ठेवू?"

"ठेव की. सांजच्याला येते."

फोन बंद करत आनंदा म्हणाला, "आणि एक? ठेवणार कुठं गं, माझ्या डोक्यावर?"

शालन नुसती हसली. कळंब्याकडची शाळा म्हटल्यावर तिला आपली शाळा आठवली होती, पण त्या भागात शाळा काय एक होती?

उद्यमनगरातल्या त्या गाळ्यात दोघं नवराबायको तीस-पस्तीस वर्षं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार भरायचं, काम करत होती. लग्न होऊन आली तेव्हा शालनला पक्कड कशी धरायची हेही ठाऊक नव्हतं. आनंदाकडं माणूस टिकत नव्हता, म्हणून त्यानं बायकोलाच तार गुंडाळायला बसवलं, आणि दोन वर्षांत गिऱ्हाइकं "वैनींनाच करू द्या" म्हणायला लागली. पुढं शेतकऱ्यांना विहिरीवरची मोटार घरात बसून मोबाइलवर चालू-बंद करायची सोय हवी झाली. तेव्हा शालन व्हिडिओ बघत बघत मायक्रोकंट्रोलर शिकली. नखाएवढी चिप ती; तिला जे लिहून द्यावं तेच करते, कमी नाही, जास्त नाही. शालनचं इंग्रजी नववीपर्यंतचं. अडलेला शब्द वहीत उतरवायचा, खाली मराठीत अर्थ लिहायचा, अशा तिच्या चार वह्या भरल्या होत्या.

त्यातनंच तिला जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा नाद लागला. चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी भावानं, मेहुण्यानं परदेशातनं आणलेली, टीव्हीला जोडायची ती मशीनं. बंद केलं की पोटातलं सगळं विसरणारी. त्यांचे प्रोग्रॅम कॅसेटवर असायचे. टेपरेकॉर्डर लावला की किरकिर आवाजाच्या रूपानं प्रोग्रॅम मशीनमध्ये जायचा. आता त्या कॅसेट कुठल्या आणि टेपरेकॉर्डर तरी कुठले? शालन मायक्रोकंट्रोलरला तोच किरकिर आवाज काढायला शिकवायची. चिप मशीनच्या पाठीमागं जोडली की मशीनला वाटायचं, कॅसेटच लागली. अशी दोन मशीनं तिनं उठवली होती आणि ती फळीवर ठेवली होती. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बंद पडलेलं चालू झालं की बरं वाटतं." ते खरंच होतं. पण सगळं तेवढंच नव्हतं, आणि बाकीचं तिनं आनंदालाही कधी धड सांगितलं नव्हतं.

नईमच्या वखारीत मोडक्या बाकांच्या ढिगाऱ्यावर ते मशीन पडलं होतं. पिवळट रंगाचं, रुंद, जाड. वरच्या बाजूला काळी बटणं आणि त्यांच्या वरच्या रांगेत लाल. शालननं ते उचललं आणि उलटं केलं. बुडाला पांढऱ्या ऑइलपेंटनं शाळेच्या नावाची आद्याक्षरं काढलेली होती आणि पुढं मराठी एकचा आकडा. एकाची शेपूट घाईत खाली ओघळलेली.

ती ओघळ तिनं ओळखली.

"काय झालं वो आक्का? जड हाय का?" नईमनं विचारलं.

"न्हाय. न्हेते मी," शालन म्हणाली. स्कूटरच्या पुढं मशीन ठेवून ती गाळ्यापर्यंत कशी आली, हे तिला नंतर आठवलं नाही.

सत्त्याऐंशी साल. शालन तेव्हा नववी ब मध्ये होती. सरकारच्या कुठल्याशा योजनेतनं शाळेला इंग्लंडच्या बनावटीचे दोन कॉम्प्युटर मिळाले होते. गणिताच्या सरनोबत सरांना त्यासाठी पुण्याला शिकायला पाठवलं होतं. ते परत आले, दर सोमवारी तास सुरू झाला, पण मशीनला हात मुलांनी लावायचा, मुलींनी मागं बसून बघायचं. गणितात वर्गात पहिली यायची शालन, तीही मागंच. पुढं पावसाळा लागला आणि दोन महिने मशीनं कपाटात कुलूपबंद राहिली. गणपतीची सुट्टी संपल्यावर सरांनी कपाट उघडलं तेव्हा आतनं ओलीचा कुबट वास आला होता. सरांनी एक नंबरचं मशीन उलटं करून पुसलं, टेबलावर मांडलं, चालू केलं, आणि मागं बघत म्हणाले, "शालन, आज तू ये."

तिला आपलं नाव टाइप करायचं होतं. एक एक अक्षर शोधत तिनं ते केलं. मग सर म्हणाले, आता ते मोठं बटण दाब. तिनं दाबलं. फट् असा आवाज झाला आणि मशीनच्या मागनं करडा धूर उसळला. जळक्या कागदाचा, तेलाचा असा घाणेरडा वास वर्गभर पसरला. पोरं ओरडत बाहेर पळाली. शेजारच्या ऑफिसातनं हेडमास्तर धावत आले आणि पहिलाच शब्द बोलले, "काय केलंस?"

"काय न्हाय केलं," शालन म्हणाली.

सरनोबत सर काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आबांना, म्हणजे तिच्या वडलांना, शाळेत बोलावलं. सरकारचा कॉम्प्युटर तुमच्या मुलीनं जाळला, असं हेडमास्तरांनी त्यांना सगळ्यांसमोर सांगितलं. आबा खाली मान घालून उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी वैरण बांधायच्या दोरीनं तिला मारलं. तोवर गावभर झालं होतं. शालीनं शाळंचा कंप्युटर जाळला. विहिरीवर, गिरणीत, दूध डेअरीच्या रांगेत. जूनमध्ये सगळ्या मुली दहावीच्या वर्गात गेल्या, शालन गेली नाही. "ही हात लावंल तिथं वाटोळं," आबा म्हणाले, आणि दाखला काढून आणला.

ते वाक्य आबांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. सहा वर्षांपूर्वी ते अंथरुणाला खिळले होते. घरात ऑक्सिजनचं मशीन लावलं होतं आणि एका दुपारी ते बंद पडलं. शालन शेजारीच होती. तिनं झाकण काढलं, सुटलेली तार जोडली, मशीन चालू केलं. तोपर्यंत आनंदा दारातनं आत आला होता. आबांनी तिच्या खांद्यावरनं पलीकडं त्याच्याकडं बघत विचारलं, "जावईबापू, तुम्ही बगिटलासा न्हवं? हिनं एकटीनं न्हाय न्हवं केलं?" आनंदा काही बोलणार होता, पण शालननंच डोळ्यांनी त्याला गप्प केलं. पंधरवड्यानं आबा गेले.

नईमकडनं आणल्याच्या दुसऱ्या सकाळी, आनंदा मोटार पोचवायला गेल्यावर, तिनं शाळेचं ते मशीन कामाच्या बाकावर घेतलं. जुन्या मशीनला आधी करंट द्यायचा नाही, आधी उघडून बघायचं, हा तिचा नियम. स्क्रू गंजले होते. झाकण निघालं. करंट जिथनं आत येतो तो डबा डाव्या अंगाला होता. जळालेला भाग तिथं असणार, काजळी असणार, असं धरून तिनं डब्याचं झाकण काढलं.

आत काजळी नव्हती. करंट गाळणारे दोन कंडेन्सर बाकी भागांपेक्षा वेगळे दिसत होते. ते देशी बनावटीचे होते, आणि त्यांचं सोल्डर नंतर कुणीतरी केलेलं होतं. कुणीतरी दुरुस्ती केली होती. झाकणाच्या आतल्या अंगाला कागदाची एक चिठ्ठी चिकटवलेली होती. शाई फिकट झाली होती, तरी वाचता येत होतं. इंग्रजीत दोनच शब्द, टेस्टेड ओके. खाली सही आणि तारीख, १९-११-१९८७.

शालन तारखेकडं बघत बसली. धूर निघाला सप्टेंबरात. तिचा दाखला निघाला पुढच्या जूनमध्ये. दुरुस्तीपासून पुढचे सात महिने हे मशीन शाळेत धडधाकट पडून होतं.

तिनं मोबाइल काढला आणि मशीनचं नाव टाकून व्हिडिओ शोधला. इंग्लंडातला कुणी पिकल्या दाढीचा माणूस आपल्या घरात हेच मशीन चालू करत होता. थोड्या वेळानं फट् आवाज झाला आणि मागनं करडा धूर निघाला. तो माणूस खदखदून हसला. त्याचं बोलणं तिनं थांबवून थांबवून ऐकलं. ह्या मशीनचं हे ठरलेलंच आहे, तो सांगत होता. करंट आत येतो तिथल्या कंडेन्सरला बारीक तडे जातात, ओल शिरते, आणि एक दिवस तो फुटतो. माणसं घाबरतात. पण मशीनला काही होत नाही, बघा, चालूच आहे. त्यानं पडदा दाखवला. खरंच चालू होतं.

शालननं तो व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून बघितला, कारण त्याचं हसणं तिला ऐकवेना.

आनंदा परत आला तेव्हा ती मांडीवर हात ठेवून तशीच बसली होती. त्यानं काय झालं विचारल्यावर तिनं पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा सगळं सांगितलं, दोरीसकट. ती नववीत शाळा सोडलेली आहे एवढंच त्याला माहीत होतं. तो ऐकता ऐकता उभा राहिला.

"कुठं ऱ्हातोय त्यो मास्तर? चल, आत्ता जाऊ."

"आदी मशीन चालू करते," शालन म्हणाली. "न्हायतर म्हणतील, कशावरनं? आणि मलाबी बघायचंय."

त्याला पंधरा दिवस लागले. दिवसाचं गिऱ्हाइकाचं काम उरकल्यावर तास-दीड तास. आधी धूळ काढली. अडकलेली बटणं एक एक सोडवून पुसली. जुना रंगीत टीव्ही माळ्यावरनं उतरवला. करंट दिला तेव्हा मशीननं बारीकसा पीं असा आवाज काढला आणि पडद्यावर पांढरी ओळ आली. पण कॅसेटच्या जागी जोडलेल्या मायक्रोकंट्रोलरचं बोलणं मशीन ऐकेना. शालननं प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, आवाजाची लाट मोजली, तारा बदलल्या. आठवडा त्यातच गेला. शेवटी तिच्या ध्यानात आलं की चिपचा आवाज मशीनला फार दांडगा होतोय. तिनं मध्ये दोन रेझिस्टन्स घालून तो खाली आणला आणि मशीननं प्रोग्रॅम मुकाट घेतला.

दुपारची वेळ होती. आनंदा तिच्या मागं येऊन उभा राहिला.

"लिही की आता तुझं नाव," तो हळूच म्हणाला.

शालननं बोटं बटणांवर ठेवली. ती हलेनात. मग तिनं सतरा गुणिले तेवीस असं गणित घातलं आणि मोठं बटण दाबलं. तीनशे एक्क्याण्णव. बरोबर होतं, ते तिनं आधीच मनात केलं होतं. तिनं मशीन बंद केलं आणि तोंडावर पदर घेऊन रडली. आनंदानं गाळ्याचं शटर अर्ध्यापर्यंत खाली ओढलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

सरनोबत सर कसबा बावड्यात मुलाकडं राहत होते, हे आनंदानं चौकशी करून काढलं होतं. शालन एकटीच गेली. नव्या बंगल्यांची रांग, तिच्या पाठीमागं ऊस, आणि कारखान्याच्या मळीचा वास. सुनेनं दार उघडलं. आत खिडकीशी खुर्चीवर सर बसले होते. सत्तरीला आलेले, अंगानं निम्मे झालेले. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, तरी चष्मा लावलेला.

"कोण आलंय?"

"सर, मी शालन. नववी ब. सत्त्याऐंशी सालची."

सरांनी चेहरा तिच्या आवाजाकडं वळवला आणि तसाच ठेवला. सुनेला म्हणाले, "तू आत जा. दार लोटून घे."

शालन समोर बसली. काय बोलायचं ते तिनं वाटेत दहादा ठरवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. ती म्हणाली, "सर, शाळंतली ती मशीन मला भंगारात मिळाली. एक नंबरची. मी दुरुस्त केली. चालतीय."

"चालणारच," सर म्हणाले. "ती तेव्हाही चालत होती."

सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग बोलू लागले.

"दिवाळीनंतर दुरुस्तीवाला आला होता पुण्याहून. त्यानं दहा मिनिटांत भाग बदलला. मला म्हणाला, मास्तर, पावसाळाभर कपाटात बंद ठेवलीत ना? ओल धरली. कोणीही चालू केली असती तरी हेच झालं असतं. मुलीचा काही संबंध नाही. पुण्यात शिकवताना आम्हाला बजावून सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा तरी चालू करा, कोरड्या जागी ठेवा. मी ठेवली नव्हती. चूक माझी होती, शालन. आणि मी तेव्हा नोकरीत कायम नव्हतो. हेडमास्तरांनी वर लिहून कळवलं होतं, विद्यार्थिनीनं नुकसान केलं म्हणून. मी त्यांना दुरुस्तीवाल्याचं सांगितलं. ते म्हणाले, मग तुमच्या नावानं कळवू का? मी गप्प बसलो."

"सात महिने," शालन म्हणाली.

"सात महिने कशाला? अडतीस वर्षं."

"तुमाला म्हाईत हुतं, माझं नाव काढलं त्ये?"

"माहीत होतं. तुझं नाव काढणार हे कानावर आलं, तेव्हा मे महिन्यात एकदा मी सायकलवरून तुमच्या घरी आलो होतो. सांगायचंच म्हणून आलो होतो. तुझे वडील म्हशी बांधत होते. त्यांनी मला घोंगडं अंथरून दिलं, चहा दिला. मास्तर म्हणून इतकं अदबीनं बोलत होते. आता सांगतो, मग सांगतो, असं करत चहा संपला, आणि मी उठलो."

शालनला वाटलं होतं, आपण ओरडू. काहीतरी फेकू. पण समोरचा म्हातारा न दिसणारे डोळे तिच्याकडं लावून बसला होता, आणि तिचा राग कुठं ठेवावा ते तिला कळेना. तो गेला मात्र नव्हता.

"मला सांगून काय उपेग न्हाय, सर," ती उठत म्हणाली. "मला म्हाईतच हुतं, मी काय केलं न्हाय. माझ्या आईला सांगा."

सर म्हणाले, "कधी येऊ?"

रविवारी आनंदानं रिक्षा केली आणि सरांना धरून आत बसवलं. कळंब्याच्या पुढं, शालनच्या माहेरी, आता तिचा भाऊ आणि आई, तानाबाई, राहत होती. तानाबाईंना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. कमरेत वाकल्या होत्या, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. शालननं त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. एवढंच की सर येणार आहेत.

सरांनी खुर्ची नाकारली. भिंतीला हात लावत ते खाली सतरंजीवर बसले आणि जे शालनला सांगितलं होतं तेच, काही न गाळता, पुन्हा सांगितलं.

"तुमी आलतासा," तानाबाई सावकाश म्हणाल्या. "मला आठवतंय की. गंजीपाशी बसून च्या पिलासा. तुमी गेल्यावर मी ह्येंना इचारलं, मास्तर कशाला आलतं? ह्ये म्हणालं, सहज आलतं. पोरीनं एवढं नुकसान केलं तरी घरला येऊन गेलं, मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणालं ह्ये."

सरांनी मान खाली घातली. मग दोन्ही हात जोडले.

"माझ्याफुडं हात जोडू नगा, मास्तर," तानाबाई म्हणाल्या. "ह्येंनी पोरीला मारलं तवा मी मधी पडलो न्हाय. मलाबी वाटलं, केलं आसंल हिनं. आई असून वाटलं तसं. आता ह्ये गेलं. त्येंना कोण सांगणार?"

सर शालनच्या दिशेनं वळून म्हणाले, "मी शाळेलाही पत्र लिहून घेतो. सही करतो. माफ कर असं म्हणायचा मला अधिकार नाही."

"माफ केलं असं मी म्हणणार न्हाय, सर," शालन म्हणाली. "उगंच खोटं कशाला बोलू? पण तुमी आलासा, त्ये बरं केलंसा."

तानाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "च्या ठेवतो. पिऊन जावा. ह्या टायमाला बोलून झाल्यावर पिताय, आता गिळंल तुमाला."

सरांनी चहा घेतला. कप दोन्ही हातांत धरून, हळूहळू, पूर्ण घेतला. मग आनंदा त्यांना घेऊन बावड्याला गेला. पत्र त्यांनी खरंच पाठवलं, नातीकडून लिहून घेऊन. त्याची एक प्रत शालनलाही आली. शाळेकडून मात्र काही उत्तर आलं नाही. शाळा आता नव्या इमारतीत, तिथले लोकही नवे, त्यांना त्यातलं काय कळणार?

पण ते सगळं पुढचं. त्या रविवारी रिक्षा वळणापलीकडं गेली आणि तानाबाई आत जाऊन ठेवणीतलं इरकल लुगडं नेसून आल्या. हातात काठी.

"चल," त्या म्हणाल्या.

"कुठं गं आई? उन्हाचं?"

"सांगाया. त्या टायमाला ज्यांनी ज्यांनी ऐकलंतं, त्यातली सात-आठ माणसं अजून जित्ती हाईत. त्येंना सांगून येतो. मी मेल्यावर कोण सांगणार?"

"आई, आता कुणाला काय पडलंय त्येचं?"

"मला पडलंय," तानाबाई म्हणाल्या आणि उंबरा ओलांडला.

शालन पाण्याची बाटली घेऊन मागं निघाली. पहिलं घर विठाबाईंचं. त्या दारातच शेंगा निवडत बसल्या होत्या. तानाबाईंनी उभ्याउभ्याच विचारलं, "विठे, माझ्या शालीनं शाळंचा कंप्युटर जाळलाता, तुला आठवतंय?"

"व्हय की. आठवंना व्हय? किती बोभाटा झालता."

"तिनं जाळला न्हवता. मास्तरानं ओलीत ठेवलाता म्हणून त्यो फुटला. मास्तर आत्ता सोता येऊन सांगून गेला."

विठाबाईंनी सूप खाली ठेवलं. शालनकडं वर बघितलं आणि जरा वेळ बघत राहिल्या. "बया," एवढंच त्या म्हणाल्या. मग सरकून त्यांनी तिला शेजारी बसायला जागा केली.

दुसऱ्या घरात म्हातारा गेल्या वर्षी वारला होता. तानाबाईंनी त्याच्या मुलाला सांगितलं. तो मोबाइल हातात घेऊन व्हय व्हय करत उभा राहिला. त्याला काही पत्ताच नव्हता. तिसऱ्या घरी एक बाई लगेच म्हणाली, "मी तवाच म्हणलं हुतं, पोरगी तशी न्हाय." तानाबाईंनी तिला तोंडावर सांगितलं, "तू म्हणलं न्हवतंस. तूच गिरणीत पयल्यांदा बोल्लीस." आणि पुढं निघाल्या. त्यांना धाप लागत होती. शालन दर चार पावलांवर म्हणत होती, बस गं, ऱ्हाऊ दे गं. त्या ऐकत नव्हत्या.

शेवटचं घर गल्लीच्या टोकाला, शाळेत शिपाई होता त्या म्हाताऱ्याचं. त्या दिवशी धूर बघून शाळेतनं गावात पहिली बातमी त्यानंच आणली होती. आता तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. सून म्हणाली, "त्येंना आता काय आठवत न्हाय वो. मला सुदिक वळकत न्हाईत."

तानाबाई खाटेशेजारी खाली बसल्या. काठी आडवी ठेवली, पदरानं मान पुसली.

"कंप्युटर आठवतोय का, दाजी? शाळंतला?"

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "कसला?"

सून ओशाळून हसली. शालन म्हणाली, "आई, चल आता. न्हाय आठवत त्येंना."

"न्हाय आठवत तर न्हाय. मी सांगतो की," तानाबाई म्हणाल्या, आणि सरनोबत मास्तर पुण्याला शिकायला गेले होते तिथपासून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. म्हातारा त्यांच्या तोंडाकडं बघत, लहान मूल ऐकतं तसा ऐकत होता. शालननं बाटली खाली ठेवली आणि ती पायरीवर बसली. तिला कुठं जायची घाई नव्हती.